कोरी गोधडी चालणार नाही

सव्वीस वर्षं मी परक्या घरांत शिरून माणसांच्या अंगावरची पांघरुणं मागितली आणि एकदाही मार खाल्ला नाही, ही माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी मिळकत. एकदा मात्र अगदी जवळ पोचलो होतो. मारणारी बाई साठीच्या पुढची होती, तिच्या हातात जाळं विणायची सुई होती आणि दोष संपूर्ण माझा होता. त्याच दिवसाबद्दल लिहायचं आहे. पण आधी धंदा समजावून सांगतो, नाहीतर तुम्ही विचाराल, गोधड्या गोळा करणं ही काय नोकरी झाली?

माझ्या सासऱ्यांनी हेच विचारलं होतं, तेही लग्नाच्या बैठकीत.

आमची संस्था लहान. अलिबागच्या जवळ एक जुनं भाताचं गोदाम, त्यात एक टेबल, एक टेंपो, टेंपोवर इस्माईल आणि टेबलावर मी. पूर आला, दरड कोसळली, वादळानं छपरं नेली की घर गेलेल्या माणसांना हातशिवणीच्या गोधड्या पोचवायच्या, हे आमचं काम. पावसाळ्याच्या आत उरणपासून हरिहरेश्वरापर्यंत गावोगाव फिरून माल जमवायचा आणि वाट बघत बसायचं. माझं पद होतं 'संकलन प्रमुख'. हाताखाली कोणीही नव्हतं, त्यामुळे मी नेमका कोणाचा प्रमुख, हे निवृत्त होईपर्यंत मला कळलं नाही. इस्माईलला विचारलं तर तो म्हणायचा, "माजे नका होऊ, बाकी कोनाचे पन व्हा."

गोधडीच का, ब्लँकेट का नाही, असं शहरातली माणसं विचारतात. गिरणीचं स्वस्त ब्लँकेट पहिल्या धुण्यात अंग चोरतं. गोधडी म्हणजे जुन्या सुती साड्या, लुगडी, धोतरं थरावर थर घालून बारीक धावदोऱ्यानं शिवलेली. ती पांघरता येते, अंथरता येते, आणि निवाऱ्याच्या शाळेत दोरीवर टाकली की तिच्यामागे बाईला लुगडं बदलता येतं. पुरात घर गेलेल्या बाईला पहिल्या दिवशी हे तिसरं काम सगळ्यात जास्त लागतं. हे कुठल्या पुस्तकात नाही. एका बाईनं मला शिव्या देत शिकवलं.

गोधडी सुलटी बघू नये. सुलट्या बाजूला सगळ्या बायका नटून असतात. उलटी करायची. मागून टाका तांदळाच्या दाण्याएवढा आला तर हात चांगला. मग कोपरा मुठीत धरून झटकायची. आतला थर सरकला तर शिवणारी घाईत होती. शेवटी नाकाला लावायची. माझं नाक इतकं तयार झालं होतं, की डोळे मिटून गाव सांगायचो. उरणकडच्या गोधडीला ट्रकच्या धुराचा वास. दिवेआगरकडची आली की ओली सुपारी. आणि कोळीवाड्यातली असेल तर नाक लावायची गरजच नसायची. एकदा असा गठ्ठा घेऊन आम्ही निघालो, तर पहिल्या गावात टेंपोमागे तीन मांजरं लागली, दुसऱ्यात सात. चहाला थांबलो तेव्हा इस्माईल आरशात बघून म्हणाला, "दादा, वरात आलीय."

देणारेही एकेक. दिवेआगरला एका घरगुती लॉजवाल्यानं "तीस गोधड्या देतो" म्हणून हाराफुलांसकट फोटोवाला बोलावला आणि इस्त्रीनं जळलेल्या तीस चादरी काढल्या. एकानं आतला थर म्हणून निवडणुकीचा प्लॅस्टिकचा फलक शिवून दिला. मी गोदामात ती पांघरून बघितली. कूस बदलली की चुरचुर आवाज. आत कुठलातरी उमेदवार अजून आश्वासन देत होता. उरणला एक निवृत्त ड्राफ्ट्समन होते. बायको गेल्यावर तिची अर्धवट राहिलेली गोधडी त्यांनी स्वतः पुरी केली, पट्टी लावून, प्रत्येक टाका तंतोतंत सारखा. सोबत दोन पानांच्या सूचना: घडी कशी घालावी, ऊन कुठल्या बाजूनं द्यावं. ती गोधडी मी महिनाभर कोणाला दिलीच नाही. देण्यासारखा माणूस सापडेना.

आता चुकीकडे येतो.

एकदा एका गोधडीच्या घडीतून कवळी निघाली. खालची. निवाऱ्यातल्या एका म्हातारीनं रात्री गोधडी उघडली, आणि ती पुराला भ्याली नव्हती तेवढी या दातांना भ्याली. तिकडे कवळीचे मालक आठ दिवस भात मऊ करून खात होते. अध्यक्षांनी मला बोलावून फक्त एवढंच विचारलं, "आपण दातही गोळा करतो का?"

मला राग आला, आणि रागात मी नियम लिहिला. नियम क्रमांक तीन: 'वापरलेली पांघरुणं स्वीकारली जाणार नाहीत. गोधडी कोरी असावी. अंगाला लागलेली आढळल्यास परत करण्यात येईल.' खाली माझी झोकदार सही. लॅमिनेशन करून घेतलं आणि गावोगावी, शाळाशाळांत एकेक पान वाटलं. घरी आणून बायकोला दाखवलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "अंगाला लावायचीच वस्तू ना ती?" मी म्हटलं, तुला प्रशासन कळत नाही.

कातळपाडा नावाचं एक मच्छीमारांचं गाव आहे. तिथं जायला खाडीवरून बुटका पूल आहे. भरती आली की पूल पाण्याखाली जातो आणि गाव सहा-सात तास आपल्यापुरतं होतं. तिथल्या जनाबाय आमच्या सगळ्यात भरवशाच्या. नवऱ्याची होडी, दोन मुलं, घाटाच्या पायथ्याशी दिलेली एक मुलगी, आणि जिभेवर कायम थोडं मीठ. त्यांच्या हाताखाली गावातल्या बायकांनी उन्हाळाभर बसून चाळीस गोधड्या शिवल्या होत्या. माझ्या नियमानुसार कोऱ्या. समाजमंदिराच्या माळ्यावर लिंबाचा पाला घालून रचून ठेवल्या होत्या. मी मे महिन्यात बघून आलो होतो, प्रत्येकीचा उलटा टाका तपासला होता आणि 'उत्तम' म्हणून वहीत लिहिलं होतं.

जुलैत घाटाखाली पूर आला. नदीकाठची गावं रिकामी करून माणसं एका शाळेत आणली. वीज नाही, फोनचे मनोरे बंद. संस्थेकडे निरोप आला: माणसं भिजलेली आहेत, लहान पोरं आहेत, असेल ते आजच्या आज पाठवा. मी जनाबायना बुधवारी येतो असं कळवलं होतं. निघालो मंगळवारीच. दुपारी बाराला ओहोटीचा पूल ओलांडून कातळपाड्यात टेंपो उभा केला आणि ऐटीत हाक दिली, "चला, माल काढा! चारच्या आत पूल गाठायचाय."

जनाबाय समाजमंदिराच्या पायरीवर बसल्या होत्या. चेहरा उतरलेला. पुरातलं ते गाव म्हणजे त्यांच्या मुलीचं, सुरेखाचं सासर. तिला दिवस भरलेले. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, हे दुसरं सासरी व्हायचं होतं. चार दिवस तिचा फोन लागत नव्हता. माणसं सुखरूप काढली एवढं कळलं होतं. ती बाळंत झाली की नाही, कशी आहे, कशावर निजली आहे, काही पत्ता नव्हता.

"आलात?" त्या म्हणाल्या. "बुधवार सांगितलावता ना?"

"एक दिवस आधी आलो. बरंच झालं की."

"काय बरं झालं? गोधड्या कोऱ्या हायेत."

"कोऱ्याच पाहिजेत! नियम तीन."

जनाबायनी माझ्याकडे असं बघितलं, जसं बाजारात शिळं पापलेट ताजं म्हणून विकणाऱ्याकडे बघतात. "गोधडीसायेब, कोरं कापड कोनाच्या अंगावर घालतात?"

मी घड्याळाकडे बघितलं.

"सांगा ना. शिकलेले हाव."

मेलेल्याच्या. न धुतलेलं, न वापरलेलं कोरं कापड माणूस गेल्यावर घालतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण गोधडीशी त्याचा संबंध मी कधी जोडलाच नव्हता. कातळपाड्यात जोडलेला होता. तिथं नवी गोधडी शिवली की घरातलं कोणीतरी आधी तिच्यात निजतं. डोळा लागला पाहिजे, आणि ती पहिली झोप आपोआप उतरली पाहिजे; कोणी मोडायची नाही. मग गोधडी जित्या माणसाची होते आणि कोणालाही देता येते. आजवर त्यांच्या गोधड्या वापरलेल्याच यायच्या, म्हणून हा प्रश्न कधी निघाला नव्हता. या वेळी माझ्या कागदाचा मान राखून त्यांनी त्या कोऱ्या ठेवल्या, आणि मी येण्याच्या आदल्या रात्री सगळ्या गावानं एकेक पांघरून निजायचं असं ठरवलं होतं. आदली रात्र म्हणजे आजची. आणि मी आजच दारात उभा.

"पण नियमात..." मी म्हटलं.

"तुमच्या कागदाला लेकीबाळी हायेत का?"

इस्माईल मागून म्हणाला, "दादा, वाद घालाल तर पानी येईल. चार वाजता मी निघनार. टायर पोहत न्हायत."

साडेबारा वाजले होते. चाळीस गोधड्या होत्या. साडेतीन तासांत चाळीस जणांना झोपवायचं होतं. सव्वीस वर्षांत संकलन प्रमुख म्हणून मला हाताखाली माणसं मिळाली ती या एकाच कामाला.

पावसाळा, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, त्यामुळे पुरुष घरी होते ही एक मेहरबानी. पत्त्यांचा डाव मोडून नऊ जण आणले. शाळेला पावसाची सुट्टी, म्हणून पोरं मिळाली. समाजमंदिरात चटया पसरल्या. बाहेर धो धो पाऊस, आत दमट उकाडा, आणि ओळीनं माणसं गळ्यापर्यंत गोधडी ओढून छताकडे बघतायत. इस्पितळासारखं दिसत होतं, फक्त सगळे पेशंट हसत होते.

लगेच कायदेशीर प्रश्न सुरू झाले.

"जनाबाय, एकानं दोन एकदम पांघरल्या तर?"

"ऊब वाटली जाते. न्हाय चालनार."

"पोराची झोप धरायची का?"

"धरायची. पन मुतलं तर दुसरी गोधडी न्हाय मिलनार, आदीच सांगते."

"आन नुसता डोला मिटला तर?"

"तसा तर तू लग्नापासून मिटूनच हायेस."

यावर सगळं समाजमंदिर हललं आणि ज्या चार-पाच जणांना पेंग आली होती त्यांचीही गेली. कोणाला हुकमावर झोपवून बघा. एरवी दुपारी जे नारळाच्या ढिगावर आडवे होतात, त्यांना त्या दिवशी पाठीला चटई टोचत होती. एका नव्या सुनेला सासऱ्यासमोर आडवं व्हायची लाज वाटत होती. ती तोंडावरून गोधडी घेऊन आत खुसखुसत होती. मध्येच कोणीतरी ओरडलं, "कोन घोरतंय रं?" तो धर्मानाना. गावातला सगळ्यात म्हातारा खलाशी. डोकं टेकायच्या आत झोपला होता. अर्ध्या तासानं आपोआप उठला, गोधडी घडी करून ठेवली, म्हणाला, "दुसरी आना." त्या माणसानं त्या दुपारी तीन गोधड्या एकट्यानं काढल्या. अशी कार्यक्षमता मी सरकारी खात्यातसुद्धा बघितलेली नाही.

खरं कोण झोपलंय आणि ढोंग कोण करतंय, हे तपासायचं काम माझ्याकडे. मी ओळीतून पाय न वाजवता फिरलो आणि हळूच म्हटलं, "चहा आला." अकरा जण उठून बसले. जनाबायनी मला बाहेरची वाट दाखवली. ती सुई तेव्हा पहिल्यांदा माझ्या दिशेनं रोखली गेली.

तरी पावसानं आपलं काम केलं. पत्र्यावरचा आवाज एकसुरी झाला आणि अडीचच्या सुमाराला एकेक माणूस आत बुडत गेलं. उठलेल्यांच्या गोधड्या इस्माईल टेंपोत चढवत होता. तीनला एकच उरली.

ती हिरवी. जनाबायनी स्वतःच्या ठेवणीतल्या लुगड्याची शिवलेली, काठासकट. ती सुरेखाला जायची होती. खरं म्हणजे देणाऱ्यानं घेणारा ठरवायचा नाही, हा माझा नियम क्रमांक पाच. मी त्याचं नाव काढलं नाही. त्या दिवशी मला स्वतःच्या नियमांची भीती वाटायला लागली होती.

जनाबाय तासभर तिच्याखाली पडून होत्या. डोळे उघडे. मी जवळ जाऊन बसलो.

"न्हाय लागत," त्या म्हणाल्या. "चार दिस झाले. डोला मिटला का पानी दिसतं."

"दुसऱ्या कोणाला द्या ना."

"सगले झोपून उठले, धर्मानानाची झोप पन सरली. आता कोनाला लागल?" मग माझ्याकडे निरखून बघितलं. "तुमी जेवलाव ना मगाशी?"

जेवलो होतो. भात आणि सुकटीचं कालवण, दोनदा वाढून घेतलेलं.

"तुमच्या डोल्यात हाय. निजा."

"मी? अहो, मी अधिकारी माणूस, मला झोप कशी..."

एवढं मला आठवतं.

जाग आली तेव्हा समाजमंदिरात कोणी नव्हतं. चटया गुंडाळलेल्या. पाऊस थांबलेला. दाराशी जनाबाय बसून जाळं सांधत होत्या. घड्याळात सव्वासहा. मी उठून दाराशी गेलो. टेंपोच्या जागी दोन चाकोऱ्या, आणि लांब, पूल असायला हवा होता तिथं नुसती खाडी.

"उठवलं का नाही मला?" मी ओरडलो.

जनाबाय उभ्या राहिल्या. "उठवलं? पैली झोप मोडायची न्हाय म्हनून सांगितलंवतं का न्हाय? तो डायवर पान्यात टायर भिजेपरेन थांबला. सगला गाव दाराशी उभा, आन तुमी आत घोरताय! धर्मानाना बाहेर जाऊन बसला, म्हनाला, होडीचं इंजिन बरं. माज्या लेकीची गोधडी हितंच राह्यली, गोधडीसायेब! अंगावरून ओढून घ्यायची म्हनून तीनदा हात पुढं केला..."

सुई उगारलेली होती. मारली असती तर मी तक्रार केली नसती. पण त्यांनी हात खाली घेतला, माझ्या खांद्यावरची गोधडी काढली, नीट घडी घातली, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधली आणि माझ्या छातीशी दिली. "आता तुमीच न्या. सोताच्या हातानं. आन कशी हाय ती बगून मला येऊन सांगा. दुसऱ्याकडनं निरोप नको."

धर्मानानांनी मला होडीतून खाडी ओलांडून दिली. वाटेत एकदाच बोलले: "सायेब, झोप चांगली हाय तुमची. शिकायची कुठं?" पलीकडून वडाप जीप पकडून रात्री तालुक्याच्या गावी मेहुण्याकडे टेकलो. त्याच्या घरी पाहुण्यांपुरती पांघरुणं नव्हती. तो म्हणाला, "दाजी, हातात एवढी जाड गोधडी आहे, ती घ्या की." मी किंचाळलो, "हात लावू नकोस!" रात्रभर गोधडी उशाशी घेऊन मी टॉवेल पांघरून निजलो. बहिणीला काय सुख दिलं या माणसानं, असं काहीसं तो आत बोलत होता.

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो. शेवटचे चार किलोमीटर चिखलातून चालत शाळा गाठली. आणि व्हरांड्यात पाय ठेवला तर समोर माझ्या एकोणचाळीस गोधड्या, ताडपत्रीखाली, दोरी न सोडलेल्या.

भांडार सांभाळायला एक तरुण शिक्षिका होती. चष्मा, हातात वही, अत्यंत प्रामाणिक चेहरा. मी विचारलं, "वाटल्या का नाहीत?"

"नियमात बसत नाहीत," ती म्हणाली. "वापरलेल्या आहेत. एकीत केस आहेत, एकीत विडीचं थोटूक, एक तर चक्क ओली आहे. हे बघा." आणि भिंतीवर बोट दाखवलं. नियम क्रमांक तीन. खाली झोकदार सही.

"रात्री माणसं कशावर झोपली?"

"फरशीवर. काहींना पोती मिळाली." तिचा चेहरा पडला. "मी फोन करून विचारणार होते, पण फोन बंद. ड्रायव्हरकाकांनी खूप भांडण केलं. मी म्हटलं, सही आहे ना साहेबांची. साहेबांनी काही विचार करूनच लिहिलं असेल."

तिचा काही दोष नव्हता. माझ्या सहीवर विश्वास ठेवणारं आयुष्यात एकच माणूस भेटलं, आणि ते नेमकं तिथं भेटलं. मी भिंतीवरचा कागद ओढून काढला आणि फाडायला गेलो. लॅमिनेशन फाटत नाही. दोन्ही हातांनी पिळला, दातांनी धरला, पायाखाली घेऊन ओढला. पोरं जमली. शेवटी घडी करून खिशात कोंबला, तर तो परत उलगडून अर्धा बाहेर आला. म्हटलं, "मी तोच साहेब. सोडा दोरी." बाईंनी ओळखपत्र मागितलं. योग्यच केलं.

पुढचा तासभर मी काहीही न तपासता गोधड्या वाटल्या. उलटी करून बघितली नाही, नाकाला लावली नाही. ज्या म्हाताऱ्यानं ती ओली उचलली त्याला मी म्हटलं, आजोबा, ही राहू द्या. तो म्हणाला, "पोराचं हाय ना? मग काय." आणि व्हरांड्याच्या कठड्यावर वाळत घालून तिच्याजवळ पहारा करत बसला.

सुरेखा मागच्या वर्गात होती. बाकं जोडून पलंग केला होता आणि दोन दिवसांपूर्वी त्याच बाकांवर ती बाळंत झाली होती. गावातल्याच एका सुईणीनं सोडवलं होतं. मुलगी. पोर कसल्यातरी रंगीत कापडात गुंडाळलेलं होतं. नीट बघितलं तर तो शाळेच्या भिंतीवरचा कापडी नकाशा. सासू शेजारी पोत्यावर.

मी हिरवी गोधडी पुढे केली. तिनं काठावरून हात फिरवला आणि लगेच ओळखलं. मग गोधडी तोंडाशी नेली, वास घेतला, आणि कपाळाला आठी पडली.

"आय निजली व्हती ना यात?"

खोटं बोलायची मला चांगली सवय होती. देणाऱ्याला सांगायचं, तुमची गोधडी फार गरजूला गेली. घेणाऱ्याला सांगायचं, फार प्रेमानं शिवलीय. तेही जिभेवर आलं होतं. पण ती बाई माझ्याकडे तिच्या आईसारखीच बघत होती, शिळ्या पापलेटाकडे बघतात तसं.

"नाही," मी म्हटलं. "आईला झोप लागली नाही. काळजीनं. मी निजलो."

सासूनं पदर तोंडाला लावला.

"तुमी?"

"हो. चुकून. सव्वातीन तास."

"आपोआप उठलाव?"

"आपोआपच. कोणी हात लावला नाही. सगळं गाव दाराशी उभं होतं म्हणे."

तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. ती हसत होती, दुखू नये म्हणून पोट धरून. मग पोराला नकाशातून सोडवलं, हिरव्या गोधडीत ठेवलं आणि त्याला म्हणाली, "नीज गं बाय. तुज्या गोधडीत सायेबाची झोप हाय. आता तू काय कामाला हात लावायची न्हायस." पोरीनं एकदा तोंड वाकडं केलं, मूठ काठावर टाकली आणि खरोखर निजली. सुरेखा तिच्या कडेला सरकली, गोधडीचं उरलेलं टोक सासूच्या पायांवर टाकलं. माझ्याकडे कोणाचं लक्ष उरलं नाही. मी बाहेर येऊन व्हरांड्यात बसलो. रात्र फरशीवर काढलेली माणसं सकाळच्या उजेडात ओळीनं झोपत होती.

निवृत्त झालो त्याला आता काही वर्षं झाली. गोदामात आता प्लॅस्टिकच्या पिशवीतली ब्लँकेटं येतात, गाठोडी मोजून घेतात, नाक लावायचं काम उरलेलं नाही. नवीन मुलगा विचारायला येतो कधीमधी. त्याला टाका कसा बघायचा ते मी दाखवतो. नियम लिहायचा असेल तर आधी कोणाच्या तरी घरी जेवायला जा, एवढंच सांगतो. ती एक रात्र मात्र मी कोणाला भरून देऊ शकलो नाही. सगळ्यांनी माफ केलं, पण फरशी गार होती ती होतीच.

शाळेत गोधड्या वाटल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी ओहोटी बघून मी परत कातळपाड्यात गेलो होतो. दुपारचे बारा. जनाबाय ओट्यावर होत्या, सांधलेलंच जाळं परत सांधत. मला बघून उभ्या राहिल्या, पण पुढं आल्या नाहीत.

"मुलगी झाली," मी लांबूनच ओरडलो.

"सुरेखा?"

"उठून बसते. भात खाल्ला माझ्यासमोर. हसली."

"कशावर हसली?"

"माझ्यावर."

"मग बरी हाय." त्या हळूच खाली बसल्या. "पोर रडतं का?"

"रडतं."

"जोरात?"

"शाळा दणाणते."

"आन गोधडीत?"

"गोधडीत निजलं. दोघी निजल्या."

जनाबायनी मान डोलावली. जाळं बाजूला सारलं, सुई त्यात नीट खोचली, ओट्याला धरून उठल्या. मला वाटलं चहाला आत बोलावतील. त्या उंबऱ्याशी थांबून म्हणाल्या, "आता जावा, सायेब. मला झोपायचंय." आणि भर दुपारी, माझ्या तोंडावर, दार लावून घेतलं.